झाकली मूठ : वैयक्तिक उत्पन्नाविषयीचे मौन व त्याचे सामाजिक अर्थकारण

स्त्रीला वय विचारू नये व पुरुषाला पगार विचारू नये, हा संकेत मराठी मध्यमवर्गात इतका रूढ झाला आहे की, तो केव्हा व का निर्माण झाला याची पृच्छा करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संस्कृत नीतिवाङ्मयातही यत्नपूर्वक गुप्त ठेवावयाच्या नऊ गोष्टींच्या यादीत आयुष्याच्या जोडीला वित्ताची गणना झालेली आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण तर या मौनामागील हिशेबच सांगून टाकते. मूठ झाकलेली असेतो तिची किंमत पाहणाऱ्याच्या कल्पनेवर अवलंबून असते; उघडली की ती आत असलेल्या नाण्याइतकीच उरते. प्रस्तुत लेखात या मौनाचे स्वरूप कोणते, ते कोणत्या परिस्थितीत बळावले, त्यापासून कोणाचा लाभ व कोणाची हानी होते, आणि सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकापुढे ते कोणत्या अडचणी उभ्या करते, यांचा विचार करावयाचा आहे.

१. निषेधाची व्याप्ती

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, हा निषेध पैशाविषयी बोलण्याचा निषेध नव्हे. बाजारभाव, जमिनीचे दर, घरभाडे, लग्नातील खर्च हे आपल्याकडील संभाषणाचे नित्याचे विषय आहेत. एखाद्याने घर केवढ्याला घेतले हे विचारण्यातही कोणी फारसे वावगे मानीत नाही. निषेध आहे तो विशिष्ट व्यक्तीचे नाव व तिच्या एकूण प्राप्तीचा आकडा यांची सांगड उघडपणे घालण्याचा.

दुसरे असे की, हा निषेध सर्व प्रसंगी सारखा लागू होत नाही. विवाह जुळविताना वराचा पगार विचारणे हा वधूपित्याचा अधिकारच समजला जातो; आज वधूचाही पगार विचारला जातो. कर्ज देणारी पेढी, सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला मागणारी शाळा, दाखला देणारे तहसील कार्यालय यांना तो आकडा निमूटपणे सांगितला जातो. मात्र शेजारी, सहकारी, भाऊबंद यांच्यापासून, म्हणजे ज्यांच्याशी आपली नित्य तुलना होते त्यांच्यापासूनच, तो कटाक्षाने लपविला जातो. तेव्हा हा निषेध विषयाचा नसून नात्याचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. माहिती जेथे काही व्यवहार साधून देते तेथे ती दिली जाते. जेथे ती केवळ माणसांची उतरंड उघड करते तेथे ती दडविली जाते.

२. धान्यातील वाटा आणि रोकडीतील वेतन

उत्पन्न लपविणे ही मनुष्यस्वभावाची सनातन प्रवृत्ती आहे असे समजणे चुकीचे ठरेल. उत्पन्न कोणत्या रूपात मिळते यावर ते किती लपू शकेल हे अवलंबून असते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वर्णिलेली बलुतेदारी पाहिली, तर सुतार, लोहार, न्हावी, परीट यांचे बलुते खळ्यावरच, चारचौघांच्या देखत मापले जाई. कोणाच्या वाट्याला किती पेंढ्या आल्या हे गावाला ठाऊक असे. विदर्भ-मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याच्या सुमारास ठरविण्याची रीत आहे, आणि कोणाचे साल कितीचे ठरले ही वार्ता गावभर होते. मॅलिनोव्स्की यांनी वर्णिलेल्या ट्रोब्रियंड बेटांवर तर सुरणासारखे कंद साठविण्याच्या कोठारांच्या ओंडक्यांत मुद्दाम फटी ठेवीत, की ज्यायोगे आतील रास येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावी.

रोकड आली आणि ही दृश्यता संपली. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग सिमेल यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुप्ततेची मीमांसा करताना असे दाखविले आहे की, पैसा हा थोडक्या जागेत मावणारा, अमूर्त व दूरवर परिणाम घडविणारा असल्याने संपत्तीचे हस्तांतर कोणालाही न कळता होऊ शकते. धान्याची रास लपविता येत नाही. हातात सरकविलेला धनादेश लपविता येतो. आज वेतन परस्पर बँकेच्या खात्यात जमा होत असल्याने पाकीट घरी आणण्याचा प्रसंगही उरलेला नाही, आणि मग घरातल्या घरातदेखील आकडा झाकून ठेवणे शक्य झाले आहे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. उत्पन्न उघड होते म्हणून ते न्याय्य होते असे नाही. महार वतनाचा मोबदला गावाच्या डोळ्यांदेखत मिळत असे. परंतु तो अनिश्चित, तुटपुंजा व गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेला होता. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. उघडेपणाने विषमता दिसते. ती नाहीशी करण्यास त्यापलीकडे हक्काची व सामर्थ्याची जोड लागते. पुढील विवेचनात हा भेद आपणांस पुन्हा उपयोगी पडणार आहे.

३. राज्यसंस्था व गुप्ततेचा हक्क

प्राप्तिकराचा इतिहास हा एका अर्थी या मौनाशी राज्यसंस्थेने केलेल्या तडजोडीचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये पिट यांनी १७९९ साली प्राप्तिकर बसविला तेव्हा प्रत्येकाने आपल्या एकंदर उत्पन्नाचे विवरण द्यावे अशी अपेक्षा होती. लोकांना कराइतकीच ही चौकशी जाचक वाटली. १८०३ साली अ‍ॅडिंग्टन यांनी उत्पन्नाचे पाच परिशिष्टांत विभाजन केले व शक्य तेथे उगमापाशीच कर कापून घेण्याची पद्धती आणली. त्यामुळे कोणाही एका अधिकाऱ्यास एका माणसाचे संपूर्ण उत्पन्न कळण्याची आवश्यकता उरली नाही. कराचा दर दहा टक्क्यांवरून पाचावर आणूनही उत्पन्न जवळजवळ पूर्वीइतकेच आले. १८१६ साली हा कर रद्द झाला तेव्हा त्याची दप्तरे नष्ट करण्याचा आदेश पार्लमेंटने दिला, यावरून लोकांच्या मनातील धास्तीची कल्पना येते.

भारतात जेम्स विल्सन यांनी १८६० साली प्राप्तिकर आणला, तोही इंग्लंडमधील परिशिष्टांच्या धर्तीवरच. पुढे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात करदात्याची माहिती सर्वसाधारणतः गुप्त राखण्याचे व सार्वजनिक हिताच्या कारणासाठीच ती देण्याचे धोरण होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणात प्राप्तिकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती असून, व्यापक लोकहित सिद्ध झाल्याखेरीज ती माहितीच्या अधिकारात देता येणार नाही, असा निर्णय दिला.

याच्या उलट प्रवाहही आपल्या कायद्यांत आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमान्वये सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे आहे. निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवाराने मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांनी ठरले. २०१३ च्या कंपनी कायद्याने नोंदणीकृत भांडवल-बाजारातील कंपन्यांना प्रत्येक संचालकाचे मानधन व कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन यांचे गुणोत्तर जाहीर करणे भाग पाडले. एकंदरीत आपल्याकडील तत्त्व असे दिसते की, जो सार्वजनिक पैसा वा सार्वजनिक विश्वास हाताळतो त्याची मूठ उघडी असावी. इतरांची झाकलेली राहिली तरी चालेल.

४. मौनाची कारणे

हे मौन टिकून का राहते, याची चार कारणे संभवतात, व ती परस्परांपासून वेगळी ओळखणे अगत्याचे आहे.

पहिले कारण आप्तांच्या मागण्यांचे. एकत्र कुटुंबाच्या परंपरेत मिळवत्या माणसाच्या प्राप्तीवर अनेकांचा नैतिक हक्क मानला जातो. आकडा कळला की मागणीला माप मिळते. पामेला जाकीला व ओवेन ओझियर यांनी केनियातील खेड्यांत केलेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले की, आपली मिळकत नातेवाइकांसमोर उघड होणार असेल तर स्त्रिया अधिक लाभाचा पर्याय सोडून, मिळकत लपू शकेल असा कमी लाभाचा पर्याय पत्करतात. आपल्याकडील घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे, भिशीतील हप्ता, माहेरी ठेवावयास दिलेली रक्कम यांचा उलगडा याच दिशेने होतो. येथे मौन हा दुर्बळाचा बचाव आहे.

दुसरे कारण मत्सराचे. जॉर्ज फॉस्टर यांनी १९६५ साली मांडलेल्या 'मर्यादित सुखा'च्या कल्पनेप्रमाणे, कृषक समाजात सर्व चांगल्या गोष्टींचा साठा ठराविक आहे असे गृहीत धरले जाते. तेव्हा एकाची भरभराट म्हणजे दुसऱ्याची तूट. अशा समाजात समृद्धीचा उच्चार धोक्याचा ठरतो. 'दृष्ट लागणे' या समजुतीचे सामाजिक कार्य हेच होय. 'कसे काय चालले आहे' या प्रश्नाला 'चालले आहे कसेबसे' हे उत्तर सधन माणूसही देतो, ते केवळ विनयाने नव्हे.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे. सुशिक्षित मध्यमवर्गाने आपले मोल विद्या, कुलशील व अभिरुची यांवर ठरविले. पगाराचा आकडा या सर्वांना एका फूटपट्टीने मोजून टाकतो. ज्याची राहणी उत्पन्नापेक्षा वरचढ आहे त्याला आकड्याची लाज वाटते, व ज्याची प्राप्ती वेतनश्रेणीत बसत नाही त्याला भीती वाटते. सरकारी नोकराची वेतनश्रेणी राजपत्रात छापलेली असूनही त्याचे 'उत्पन्न' हा कुजबुजीचा विषय राहतो, याचे रहस्य 'वरकमाई' या शब्दात आहे.

चौथे कारण नियोक्त्याच्या हिताचे, आणि ते पहिल्या तिहींहून भिन्न आहे. सारख्या कामाला निरनिराळे वेतन देणाऱ्या मालकाला कामगारांचे मौन सोयीचे असते. म्हणून अनेक नेमणूकपत्रांत वेतन गुप्त ठेवण्याची अट घातली जाते. शिष्टाचार म्हणून जे पाळले जाते ते येथे कराराचे कलम होऊन बसते. मुंबईच्या कापड गिरण्यांत एकाच कामाला गिरणीगणिक वेगळा दर असे. तो दर कामगारांना एकमेकांस सांगता आला, मोजता आला, म्हणूनच प्रमाणित वेतनाची मागणी उभी राहू शकली व औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने ती बऱ्याच अंशी मान्य झाली. श्रमिकांच्या सामुदायिक सौद्याची पहिली पायरी पगार सांगणे ही असते.

५. मौनाची किंमत व उघडेपणाची किंमत

मौनाची किंमत कोण देतो, हे अमेरिकेतील लिली लेडबेटर यांच्या प्रकरणावरून स्पष्ट होते. अलाबामा राज्यातील टायरच्या कारखान्यात त्यांनी १९७९ पासून १९९८ पर्यंत नोकरी केली. त्याच दर्जाच्या पुरुष सहकाऱ्यांना आपल्याहून अधिक वेतन मिळते हे त्यांना नोकरीच्या अखेरीअखेरीस, कोणीतरी निनावी ठेवलेल्या चिठ्ठीवरून कळले. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतीत नाही या कारणावरून त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. जी गोष्ट ठाऊकच नव्हती तिची तक्रार मुदतीत करावयाची कशी, या विचाराने २००९ साली तेथील कायदा बदलावा लागला. भारतात समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला व ते तत्त्व पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आले. परंतु ज्याच्याशी तुलना करावयाची तो आकडाच ठाऊक नसेल तर असा हक्क कागदावर राहतो.

तथापि उघडेपणा हाही विनामूल्य नाही. नॉर्वेत करदात्यांच्या याद्या एकोणिसाव्या शतकापासून लोकांना पाहता येत. पण त्यासाठी कचेरीत जावे लागे. २००१ साली त्या संगणकीय जाळ्यावर आल्या व कोणीही कोणाचेही उत्पन्न घरबसल्या पाहू लागला. रिकार्दो पेरेझ-ट्रुग्लिया यांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे यानंतर श्रीमंत व गरीब यांच्या सांगितलेल्या सुखातील अंतर २९ टक्क्यांनी वाढले. २०१४ पासून, आपली माहिती कोणी पाहिली हे संबंधितास कळू लागले, तेव्हा असे शोध मोठ्या प्रमाणात घटले. पाहणाऱ्याची मूठ उघडताच कुतूहल ओसरले, ही गोष्ट मार्मिक आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांवर डेव्हिड कार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात (२०१२) सहकाऱ्यांचे वेतन पाहावयास मिळाल्यावर मध्यकाच्या खालील लोकांचे समाधान घटले व दुसरी नोकरी शोधण्याची इच्छा वाढली. वरच्यांचे समाधान मात्र वाढले नाही. डेन्मार्कने २००६ साली मोठ्या आस्थापनांना स्त्रीपुरुषांच्या वेतनाची आकडेवारी देणे बंधनकारक केले. त्यामुळे वेतनातील दरी कमी झाली, पण ती मुख्यतः पुरुषांच्या वेतनवाढीचा वेग मंदावल्याने. अमेरिकेतील घटकराज्यांनी वेतनाविषयी बोलण्याचा हक्क संरक्षिल्यावर तेथील वेतने सरासरी सुमारे दोन टक्क्यांनी उतरली, असे झोई कलन व बॉबक पाकझाद-हर्सन यांनी दाखविले आहे. एकास वाढ दिली तर सर्वांना द्यावी लागेल, या जाणिवेने मालक अधिक ताठर होतो, हे त्याचे कारण. सामुदायिक सौद्याचे बळ नसताना नुसता उघडेपणा कामगारास तारील असे नाही. महार वतनाच्या बाबतीत जो भेद आपण पाहिला तोच येथे प्रत्ययास येतो.

आपल्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रयोग ओडिशातील आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर व योगिता शमदासानी यांनी (२०१८) तेथील कामगारांच्या लहान तुकड्या करून काहींना सारखे व काहींना कमीअधिक वेतन दिले. आपल्या सोबत्यांस अधिक मिळते हे कळताच कमी वेतनाच्या कामगारांचे उत्पादन व हजेरी दोन्ही घसरली. परंतु जेथे कोण अधिक माल तयार करतो हे सर्वांना सहज दिसत होते, तेथे हा परिणाम आढळला नाही. याचा अर्थ असा की, माणसाला अंतर सहन होते, पण अकारण अंतर सहन होत नाही. आकड्याबरोबर त्याचे कारणही उघड असेल तर उघडेपणाची बोच पुष्कळ कमी होते.

६. संशोधकापुढील अडचण

या सर्व गोष्टींचा आपल्या विषयाच्या अभ्यासपद्धतीशी निकटचा संबंध आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कार्य १९५० साली सुरू झाले. तिच्या नवव्या, चौदाव्या, एकोणिसाव्या व चोविसाव्या फेऱ्यांत कौटुंबिक उत्पन्नाची माहिती मिळविण्याचा प्रयत्न झाला. परंतु सांगितलेले उत्पन्न हे उपभोग व बचत यांच्या बेरजेहून कमी भरू लागले. परिणामी आपल्या देशातील दारिद्र्य व विषमता यांची चर्चा अनेक दशके उत्पन्नाऐवजी उपभोगखर्चाच्या आधाराने करावी लागली. धनिकांची बचत उपभोगात दिसत नसल्याने अशा मोजणीत विषमता आहे त्याहून कमी दिसते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने कौटुंबिक उत्पन्नाच्या अखिल भारतीय पाहणीची पूर्वचाचणी घेतली, तेव्हा सुमारे ९५ टक्के उत्तरदात्यांना विचारलेली माहिती संवेदनशील वाटली, आणि भरलेल्या करासंबंधीच्या प्रश्नांना बहुतेकांनी उत्तर देण्याचे नाकारले.

तरीही सर्व दोष मौनावर ढकलणे योग्य नव्हे. 'सांगत नाही' आणि 'सांगता येत नाही' या दोन भिन्न अवस्था आहेत. घरची ज्वारी घरी खाणारा, बियाण्याचा व घरच्या माणसांच्या श्रमाचा हिशेब न ठेवणारा शेतकरी आपले निव्वळ उत्पन्न लपवीत नसतो; ते त्यालाच ठाऊक नसते. हाच प्रकार लहान दुकानदाराचा, ज्याच्या गल्ल्यातून घरखर्चही चालतो. नियमित पगारदार मात्र आकडा जाणतो, व सांगणे टाळतो. पहिल्याच्या बाबतीत उपाय तपशीलवार प्रश्नांचा आहे, दुसऱ्याच्या बाबतीत विश्वासाचा.

क्षेत्रपाहणीस निघणाऱ्या विद्यार्थ्याने यावरून काही पथ्ये पाळावीत. एकूण उत्पन्नाचा प्रश्न प्रथम विचारू नये. पीक, दूधदुभते, मजुरी, पगार, भाडे, बाहेरगावाहून येणारा पैसा असे उगमवार विचारून बेरीज आपण करावी. प्रश्नाचा कालावधी निश्चित असावा. ओसरीवर जमलेल्या शेजाऱ्यांसमोर मिळालेले उत्तर हे शेजाऱ्यांना दिलेले उत्तर असते, संशोधकास दिलेले नव्हे, हे ध्यानात ठेवावे. स्त्रीचे उत्पन्न तिच्याकडूनच व स्वतंत्रपणे विचारावे. मात्र जे तिने घरच्यांपासून राखून ठेवले आहे ते आपल्या हातून घरात उघडे पडता कामा नये. आकडा सांगण्यास संकोच वाटेल तेथे उत्पन्नाच्या श्रेणी दाखवून त्यांतील एक निवडण्यास सांगावे. आणि माहिती कशासाठी हवी आहे, कोणास दिली जाणार नाही, हे आधी सांगावे; सरकारी सवलत बंद होण्याची किंवा कर लागण्याची धास्ती अनेकांच्या मनात असते.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, उत्पन्नाविषयीचे मौन ही एक गोष्ट नसून एकाच शिष्टाचाराखाली वावरणाऱ्या दोन गोष्टी आहेत. आप्तांच्या व शेजाऱ्यांच्या दडपणापासून दुर्बळास सावरणारे मौन हे खाजगी जीवनाचे कवच आहे, आणि ते हिसकावून घेण्याचा अधिकार समाजास नाही. परंतु सारख्या कामाचे असमान मोल दडविणारे मौन हे बलवानाचे हत्यार आहे, मग ते कितीही सभ्यतेचा आव आणो. तेव्हा 'सर्वांनी आपला पगार सांगावा की नाही' हा प्रश्न चुकीच्या रीतीने मांडलेला आहे. व्यक्तीचा आकडा झाकलेला ठेवूनही पदाची वेतनश्रेणी, तिच्यातील वाढीचे निकष व स्त्रीपुरुषांच्या वेतनातील अंतर ही उघड करता येतात. युरोपीय संघाने २०२३ साली स्वीकारलेल्या वेतन-पारदर्शकतेच्या निर्देशाचा रोख याच दिशेने आहे: उमेदवारास वेतनश्रेणी आधी कळावी, आणि कर्मचाऱ्यास आपल्यासारख्या कामाचे सरासरी वेतन विचारता यावे. शेजाऱ्याच्या मुठीत काय आहे हे पाहण्याची गरज नाही. वाटणी कोणत्या मापाने झाली, ते माप मात्र सर्वांना दिसले पाहिजे.